अक्कानं धाडलेल्या गोळ्या

पाटोदा, ता. ३ फेब्रुवारी २०२५

चि. हरिबास तुळजाअक्काचे आशीर्वाद.

फोनवर तू ओरडतोस आणि मला निम्मंच ऐकू येतं, म्हणून कागदच बरा. गावातल्या तपासणी शिबिरात तुझा बीपी वाढलेला निघाला म्हणे. डॉक्टरकडे तू जाणार नाहीस, हे मी ओळखून आहे. माझ्या बीपीच्या गोळ्यांतल्या दोन पट्ट्या सोबत धाडते. मला दोन वर्षं लागू पडल्यात. आपण एका मेंढीला औषध पाजलं की साऱ्या कळपाला पाजतो, मग भावाला का नको? रोज सकाळी एक घे. मेंढरासारखं तोंड वाकडं करू नकोस.

माया आहेच, जिवाला जप.

तुझी अक्का

चौसाळा, ता. २४ फेब्रुवारी

ती. अक्कास हरिबाचा सा. न. वि. वि.

गोळी एक दिवस चुकवली नाही. पण आठवडा झाला, अंगाला खाज सुटलीय, पाठीवर लाल चट्टे उठलेत. उन्हाचं असेल. गोळीचं साखराला बोललो नाही, नाहीतर ती डॉक्टरकडे ओढून नेईल. मेंढरांमागं चालवत नाही आता. थकलो अक्का.

आठवण ठेव.

हरिबा

बीड, ता. ६ मार्च

ती. वन्सबाईंच्या पायाशी साखराबाईचा नमस्कार.

यांना इथं दवाखान्यात आणून चार दिवस झाले. तोंडात फोड आहेत, पाणी गिळवत नाही. पाठीची कातडी सदऱ्याला चिकटून निघाली. डॉक्टर तीनदा विचारून गेले, कुठली गोळी चालू होती का. असेल तर ती आधी बंद व्हायला हवी, नाहीतर जिवावर बेतेल. हे दर वेळी म्हणतात, न्हाई, कायबी घेतलं न्हाई. तुम्हाला कळवायचं नाही, असंही मला बजावलंय. कशापायी, ते सांगत नाहीत. मी पार दमले, वन्स.

कागद एसटीच्या कंडक्टरजवळ धाडतेय, लवकर या.

साखरा

पाटोदा, ता. ७ मार्च

सौ. साखराबाईस,

क्षेमकुशल नंतर. जावई सत्यमला या पत्रासोबत पहिल्या गाडीनं पाठवतेय. पाकिटात माझ्या गोळ्यांची पट्टी आहे, ती आधी डॉक्टरांना दाखव. याच गोळ्या मी हरिबाला धाडल्या होत्या. तो खोटं बोलतोय, माझ्यावर बोल येऊ नये म्हणून. त्याची उशी, कोपरीचा खिसा तपास. तो अजून गुपचूप घेत असेल. सापडली तर काढून घे. मीच दिली, असं डॉक्टरांना माझं नाव घेऊन सांग.

हरिबा माझ्यावर चिडेल. चिडू दे. मला शिव्या द्यायला तरी तो उरला पाहिजे.

तुळजाबाई