देवळाचा क्यूआर माझ्या मोबाइलवर

३ नोव्हेंबर, सोमवार
नोटीस! मला! पर्यटकांना दोन खोल्या देतो, भाडं मोबाइलवर घेतो — तर करखात्याचं पत्र, वॉलेटवर एवढे पैसे कुठून येतात? माझ्या खिशात डोकावणारे हे कोण? कोणीतरी चहाडी केलीय. कोणीतरी कशाला — हरिश्चंद्रच! शेजारी राहतो, माझ्या अंगणातल्या गाड्या बघून जळतो. मेल्याला सोडणार नाही.

५ नोव्हेंबर
बाबलीच्या हॉटेलात हाच विषय. गंगाराम म्हणतो, "सरकार बघता तर बघूंदे. चोराक भय, आमका कित्याक?" बाकीचेही माना डोलावतात! मी भडकलो. म्हटलं, "उद्या तुझी बायल कितक्याचा सोना घेता ता पण बघतले. चलात तुका?"
हरिश्चंद्र कोपऱ्यात चहा पीत होता. हसला. हसला!

६ नोव्हेंबर
खजिनदार म्हणून देवळाचा क्यूआर माझ्याच मोबाइलवर आहे. देवीला गाऱ्हाणं घालायची दक्षिणा लोक त्यावर टाकतात, सोबत कारणही लिहितात. आज बसून सगळं चाळलं. सापडलं! नम्रता, हरिश्चंद्राची बायको — "सर्वेशची नोकरी गेली, दुसरी मिळूंदे." आणि बाप गावभर सांगत फिरतो, झील मुंबयत सायब झालो! थांब म्हणावं.

८ नोव्हेंबर
भर हॉटेलात विचारलं. "काय रे हरिश्चंद्रा, सर्वेश घराक बसलो म्हणतत, खरा?" तोंड असं काळं ठिक्कर पडलं! चहा तसाच टाकून उठला. आज जेवण गोड लागलं.

११ नोव्हेंबर
सर्वेशचं ठरलेलं लग्न मोडलं. मोडू दे. माझी चहाडी करताना कुठे विचार केला होता?
दुपारी नम्रता दारात आली आणि माझ्या बायकोवरच तुटून पडली. "देवी आणि तू, दोघींकच म्हायत होता गो जानकी! तूच फोडलंस!" जानकी रडत देवीची शपथ घेत होती. मी आत पेपर वाचत बसलो. बोललो असतो तर खजिनदारकी गेली असती.

१३ नोव्हेंबर
करखात्याच्या कार्यालयात जाऊन आलो. साहेब म्हणाले, "तक्रार कोणाचीच नाही हो. आकडा वाढला की संगणक आपोआप नोटीस काढतो."
असेल. पण हरिश्चंद्र हसला होताच की!
विहिरीवर बायका जानकीला बघून गप्प होतात. ती मला वाढते, बोलत नाही. मघाशी तेवढं विचारलं, "नम्रताचा तुमका कोणी सांगल्यान?" म्हटलं, गावात बोलत होते.

१५ नोव्हेंबर
देवळाच्या खात्यावर एक रुपया जमा. जानकीचा. "देवीक न्हय, तुमका लिहितंय. हयसर तुमी वाचतास म्हणान. भावाकडे चललंय. नम्रताक सगळा सांगलंय."