डाव्या हाताची माशी

प्रिय छोटी,

रविवारी येतेस असं तुझं पत्र मिळालं. आईची गळाची काठी पुसून ठेवली आहेस, आणि या खेपेला ताईने सबबी सांगितल्या तर बघ, असा दमही दिलास. खरं आहे गं. बारा वर्षांत मी तुला डोहावर पाऊल टाकू दिलं नाही. कधी पाणी चढलं, कधी माझा गुडघा धरला. सबबींना काय तोटा!

माझं बरं चाललंय. सकाळी मासे धरायला शिकायला आलेल्या दोन-तीन पाहुण्यांना कमरेएवढ्या पाण्यात उभं करायचं, गळाची दोरी डोक्यावरून कशी फेकायची ते दाखवायचं, आणि त्यांनी गळात स्वतःचीच टोपी पकडली की हसू दाबायचं. दुपारी खिडकीपाशी बसून गळावर पिसं नि रेशीम गुंडाळायचं, किड्यासारखी दिसेल अशी माशी बांधायची. परवा एक निवृत्त न्यायाधीश म्हणाले, "बाईमाणसाला हा नाद कसा लागला हो?" म्हटलं, मावशीने लावला. तुझी आई मला नदीवर घेऊन निघाली की माझी आई कपाळाला हात लावायची. मावशी म्हणायची, "पोरगी वाहत्या पाण्यात उभी राहिली की कुठंही उभी राहील." राहिले मी. अजून त्यावरच पोट भरते.

आता नीट वाच. हंगाम सुरू झाला त्या आठवड्यात डोहात एक मासा लागला. परत सोडायला हातात घेतला, तर त्याच्या ओठात आधीचीच एक माशी. कुणाची तरी तुटली असेल म्हणून काढून घेतली. घरी भिंगाखाली धरली. रेशमाचे वेढे उलटे होते, डावखुऱ्या हाताचे, आणि शेवटची गाठ दुहेरी. तशी गाठ तुझी आईच मारायची. ती जाऊन बारा वर्षं झाली; माशी जुनी असेल, म्हणशील. मीही मनाची तशीच समजूत घातली. पण पाण्यात राहिलेला गळ गंजतो, आणि हा चकचकीत होता.

त्यानंतर माशांच्या ओठात अशा आणखी चार मिळाल्या. मंगळवारी पाण्यावर करडे किडे उडत होते, तर माशी करडी. गुरुवारी पिवळे निघाले, तर पिवळी. म्हणजे त्या दिवशीचा किडा पाहून त्याच दिवशी बांधलेली. इथे डावखुरं बांधणारं कुणीच नाही, मी चौकशी केली. गळाचा दुकानदार म्हणाला, "ताई, चष्मा बदला." बदलला. वेढे उलटेच दिसतात.

बारा वर्षं लपवलेलं आता सांगते. मावशी या डोहात बुडाली तेव्हा मी घरी होते, असं मी सगळ्यांना सांगितलं. तुलाही. मी तिथेच होते, वीस पावलांवर. माझ्या गळाला जन्मात लागला नव्हता एवढा मोठा मासा होता, आणि आमच्या दोऱ्या गुंतल्या. आमचा नियम होता, दोऱ्या गुंतल्या तर जिच्या गळाला मासा नाही तिची कापायची. मावशीचा पाय घसरलेला मी पाहिला. मानेपर्यंत पाण्यात गेली. वाटलं, उठेल, नेहमी उठते. तिची दोरी माझी काठी खाली ओढत होती आणि मासा निसटायला आला होता. मी कापली. मग कळलं, ती त्या दोरीलाच धरून होती. मासाही गेला. माझी मलाच किळस येते, छोटे.

काल सकाळी डोहात उभी होते. वारा नाही, काठावर चिटपाखरू नाही. बाहीला हिसका बसला. पाहिलं तर माशी, उलट्या वेढ्यांची, माझ्या बाहीत रुतलेली, आणि तिची दोरी सरळ खोल पाण्यात गेलेली. खिशात कात्री होती, पण हात वळेना. मी मागे सरत काठावर आले, तशी दोरी ढील देत आली. माशी बाहीतून सोडवली आणि दोरी झाडाला बांधून ठेवली.

पत्र त्यासाठीच लिहिलं. ती दोरी कापायची की ओढायची, हे ठरवायचा हक्क माझा नाही, तुझा आहे. माझं तोंड पाहायचं नसेल तर मी लांब उभी राहीन. फक्त रविवारची वाट पाहू नकोस. आताच बघून आले. दोरी ताणलेली आहे, आणि झाड पाण्याकडे कलायला लागलंय.

तुझीच, अजून म्हणू देशील तर,
ताई