साडूला त्याचंच तोंड

२६ डिसेंबर
काल ख्रिसमसच्या जेवणात साडूने माझ्या कॅम्परची अब्रू काढली. नेव्हिल म्हणाला, "मर्व्ह, बाहेरून पाववाल्याची गाडी, आतून शवपेटी. फिरायला निघालायस की पुरून घ्यायला?" सगळे हसले. ग्लेनिस, माझी लग्नाची बायको, तीही हसली. तिच्या बहिणीने, रोनाने, हसता हसताच मला आणखी हॅम वाढला. खाल्ला. पण विसरणार नाही.

पावाची जुनी व्हॅन घेऊन तिचं फिरतं घर केलंय. आतला झोपायचा बंक, कपाटं, ड्रॉवर, दाराची चौकट, सगळं मी स्वतःच्या हाताने केलंय. वॉर्निश तेवढं राहिलंय. असं मारीन, की फेब्रुवारीत, इकडच्या ऐन उन्हाळ्यात, घाटापलीकडच्या ताकाका गावच्या कॅम्पर मेळाव्यात नेव्हिल आत डोकावेल आणि त्याला लाकडात स्वतःचं तोंड दिसेल. त्या माणसाला याहून मोठी शिक्षा नाही.

२ जानेवारी
डबा आणला. 'गडद अक्रोड'. दुकानातलं सगळ्यात चकचकीत. उद्या सुरुवात.

५ जानेवारी
सुरुवात नाही. हवा दमट. (क्रिकेटही होतं. पण हवा खरंच दमट होती.)

९ जानेवारी
नेव्हिल न बोलावता आला. म्हणे, पातळ हात मार, नीट वाळू दे, बारीक पॉलिशपेपर फिरव, मग पुढचा हात. असे चार. घाई नको.
म्हणजे मेळावा उलटून जावा! डाव ओळखला. मान डोलावली. तो गेल्यावर ठरवलं: एकच हात, पण चार हातांचा माल त्यातच.

११ जानेवारी
मारला. ओघळ आलेत. लांबून लाकडाचीच नक्षी वाटते. संध्याकाळी चिलटं येऊन चिकटली. नेव्हिलच्या घराकडूनच आली.

१२ जानेवारी
चिलटं वेचली. बोटांचे ठसे उमटले. ठसे झाकायला आणखी एक जाड हात.
ग्लेनिस म्हणाली, नेव्हिलला विचार. मी म्हटलं, त्यापेक्षा गाडी पेटवून देईन. ती म्हणाली, ओली आहे तोवर दे, छान पेटेल. माहेरची बाजू घ्यायची तिला खोडच आहे.

२० जानेवारी
अजून चिकटतंय. थोडंसं. आत हीटर लावून ठेवला. आता बुडबुडे.

३० जानेवारी
बुडबुडे फोडून वर शेवटचा हात. ग्लेनिसने जाहीर केलं, वासाने तिचं डोकं उठतं, ती मेळाव्याला रोना-नेव्हिलच्या कॅम्परमधून जाणार. फितुरी. हरकत नाही. विजय एकटाच भोगीन.

६ फेब्रुवारी, सकाळ. ताकाका.
घाट ओलांडून पोचलो. लाकूड काय चमकतंय! नेव्हिलला चारचौघांसकट बोलावलंय. आत बसून दार ओढून घेतो. ते आले की एकदम उघडायचं. टोमणाही पाठ करून ठेवलाय.

६ फेब्रुवारी, संध्याकाळ
दार चौकटीला चिकटलं. खांदा लावला, तर शर्टही चिकटला. पुढे ड्रायव्हरकडे जायच्या वाटेवर मीच कपाट ठोकलेलं.
बाहेरून नेव्हिलचा आवाज आला, "मर्व्ह, आत आहेस का?" मी म्हटलं, नाही.
मग ग्लेनिस ओरडली, "मर्व्हिन, उन्हात शिजशील! बोल काहीतरी!" तिचा आवाज रडवेला होता. तेव्हा म्हटलं, उघड रे, नेव्हिल.
पटाशी घेऊन त्याने फटीफटीतून दार सोडवलं. लाकडाचा टवकाही उडू दिला नाही. शर्ट मात्र कापावा लागला. सगळे बघत होते, मी त्याच्या हसण्याची वाट बघत होतो. तो हसला नाही. म्हणाला, "सुतारकाम पक्कं केलंयस, मर्व्ह. एक जोड हलला नाही."
आता या माणसाचा सूड कसा घ्यायचा? टोमणा तसाच राहिला.

७ फेब्रुवारी
नेव्हिलच्या मते कॅम्पर उन्हाळा संपेपर्यंत उघडी ठेवायची, मग सगळं खरवडून पुन्हा. मी म्हटलं, बघू.
ते तिघं उद्या किनाऱ्याकिनाऱ्याने पुढे निघालेत. मागच्या बाकावर एक जागा आहे म्हणे. मी ठणकावून सांगितलं, शत्रूच्या गाडीत पाऊल ठेवणार नाही.
ग्लेनिसने विचारलं, मग काल झोपला होतास कुठे?
खिडकीकडची जागा मागून घेतली आहे.