ताईविना बांधलेला बस्ता

शेलार, भिवंडी

तीर्थस्वरूप शेवंताताईस,

धाकट्या पंढरीचा तुझ्या पायांवर डोकं टेकून नमस्कार. (डोक्यावरचे केस कमी झालेत हे तुझ्या लगेच लक्षात येईल, पण मुलीचं लग्न काढलेल्या बापाकडून केसांची अपेक्षा कुणी करू नये.) इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. तुझे गुडघे कसे आहेत? तुझ्या सागरनं आणून दिलेलं तेल चोळतेस, की कपाटात देवाजवळ ठेवून नुसता नमस्कार करतेस? सूनबाई, नातवंडं बरी असतील. उरणला मासळी महाग झाली असं ऐकलं. इकडेही तेच आहे, पण ते दुःख सावकाशीनं सांगेन.

पत्र बघून दचकू नकोस, कुणाला काही झालेलं नाही. हातात फोन असताना हा कागद कशाला, असं तू म्हणशील. ताई, फोनवर मी ऋतिकाच्या लग्नाचं नाव काढलं की तुझा कुकर शिट्टी देतो आणि तू फोन ठेवतेस. सकाळी केला तरी कुकर, संध्याकाळी केला तरी कुकर. एवढा भात तुमच्यात खातं कोण? पत्राचं बरं असतं, ते मधेच ठेवून गेलं तरी कधीतरी परत हातात घ्यावं लागतं. तू सागरबरोबर निरोप धाडलास, की दाजी गेल्यावर आता मी हळदीच्या मांडवात यायची नाही, माझी सावली पोरीवर नको, लग्न उरकलं की जावई बघायला येईन. तो निरोप ऐकून ऋतिका ताटावरून उठली आणि माधवीनं माझ्याशी बोलणं टाकलं. (निरोप तुझा, अबोला माझ्याशी. लग्न झालेल्या माणसाला याचं नवल वाटत नाही.) मी तेव्हाच उत्तर लिहिणार होतो, पण मधे बस्ता आला.

आता बस्त्याचं ऐक. भिवंडीत दिवसरात्र माग खडखडतात, कुणाकुणाच्या अंगावर इथलं कापड चढतं, तरी आपल्या घरच्या लग्नाचे कपडे मुंबईलाच घ्यायचे ही आपली रीत. (हलवायाच्या पोरांना शेजारच्या दुकानातला पेढा गोड लागतो, त्यातलंच हे.) भावकीतल्या बायकांसाठी मिनीबस केली. उजाडायच्या आत निघायचं ठरलं आणि उन्हं चांगली वर आल्यावर निघालो, कारण प्रत्येकीला खिडकी हवी होती आणि बस बनवणाऱ्यानं बायकांच्या मानानं खिडक्या फार कमी ठेवल्या होत्या. हौसाकाकी मांडीवर तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीचा डबा घेऊन बसली. काकी, मुंबईत जेवायला मिळतं, असं मी तिला समजावून पाहिलं. त्यावर ती म्हणाली, “त्यांचे जेवनाला वास नसतो.” काका गेले तेव्हा तू परकरात होतीस आणि मी पाळण्यात. तेव्हापासून या घरातला प्रत्येक डबा काकीच्याच मांडीवर असतो.

आधी दादरला हिंदमाताला उतरलो. काचेच्या दाराचं, आत गारेगार असं एक मोठं दुकान होतं. काकीनं दारातच चपला काढल्या. तिचं बघून सगळ्या बायकांनी काढल्या. मी काढणार नव्हतो, पण एकट्यानं पायात घालून आत जाणं बरं दिसेना. गंमत म्हणजे आमच्या मागून आलेल्या एका सुटाबुटातल्या कुटुंबानंही तो ढीग बघून बूट काढले, मोज्यांसकट. (दुकानाची शिस्तच तशी असेल असं वाटलं बिचाऱ्यांना. लेस सोडताना त्यांच्या आजोबांना दोघांनी धरलं होतं.)

आत गादीवर बसलो आणि साड्यांचा पाऊस सुरू झाला. ताई, साडी विकणाऱ्या माणसाची एक विद्या असते. दहा माणसं आली तरी त्यातलं कुणाच्या शब्दावर घर चालतं ते तो बरोबर हेरतो आणि साडी त्याच्यासमोर उलगडतो. या पोरानं आधी मला हेरलं. मी माधवीकडे बघितलं. त्यानं माधवीसमोर पदर पसरला, तर तिनं भावकीतल्या एका काकूंकडे बघितलं, काकूंनी आणखी कुणाकडे, आणि अशी नजर फिरत फिरत गादीच्या मधोमध येऊन थांबली. तिथं कुणीच नव्हतं. तुझी जागा आम्ही न ठरवता मोकळी सोडली होती! आई गेल्यापासून या घरातलं एकही लग्न तुझ्या “ही घे”शिवाय सुरू झालेलं नाही, माधवीचा शालूसुद्धा तूच काढलास. आता पहिल्या साडीला हो म्हणायचं कुणी? पोरगं घामाघूम झालं. शेवटी त्यानं हात जोडून विचारलं, “काका, डिसाईड कौन करेगा?” सगळ्या बायका एका सुरात म्हणाल्या, “ताई.” “तो ताई किधर है?” “उरणला.” त्यानं मुकाट्यानं घड्या घालायला घेतल्या.

तिथून दादरच्या बाजारात शिरलो. बस्त्याला निघालेल्या बायकांनी तिथं चहाची गाळणी, केसांची रबरं, उशांचे अभ्रे आणि एक पुरण वाटायचं यंत्र घेतलं. साडी एकही नाही. रबराला ताईचा कौल लागत नाही, साडीला लागतो, एवढाच त्याचा अर्थ. फूटपाथवर भाव करताना मात्र आपल्या बायका कुणाला ऐकत नाहीत. एका छत्रीवाल्यानं भाव पाडून पाडून शेवटी विचारलं की मावशी, घेणार आहात की नाही? मावशी म्हणाल्या, नाही, आम्ही साड्यांना आलोय.

मग गेलो मंगळदास मार्केटला. तिथल्या बोळांत मला एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं. (पुरुषाला माहेर नसतं हे ठाऊक आहे, पण दुसरा शब्द सुचत नाही.) जिकडे तिकडे ठाण, कोऱ्या कापडाचा तो वास, आणि मी प्रत्येक ठाण चिमटीत धरून बघत राहिलो. या नादात भावकी पुढे निघून गेली आणि मी चुकलो. डावीकडे वळलो तर अस्तरं, उजवीकडे वळलो तर पुन्हा तीच अस्तरं. फोन लावावा तर माधवीचा अबोला चालू, ती उचलेना. तेवढ्यात कुठूनसा सुकटीचा वास आला. काकीनं डबा उघडला होता. त्या वासाच्या मागं मागं गेलो आणि बरोबर आपल्या माणसांत पोचलो. त्या दिवसापासून काकीच्या डब्याला मी काही बोलत नाही.

शेवटी भुलेश्वरच्या एका गल्लीत, आतल्या बाजूच्या दुकानात बसलो. भावकीतल्या सगळ्या बायकांना हळदीला एकसारखी पिवळी साडी, ही आपली पद्धत तुला सांगायला नको. पुन्हा तीच बघाबघ सुरू झाली तेव्हा माझं डोकं फिरलं. घरातला कर्ता पुरुष मी आहे, असं मी मोठ्यानं म्हणालो (कुणी नाही म्हटलं नव्हतं), आणि समोरच्या गठ्ठ्यावर हात ठेवून सांगितलं, ह्याच द्या. गठ्ठा बांधला, दुकानदारानं वर नारळ ठेवला, हळदकुंकू वाहिलं. बाहेर उन्हात येऊन बघतो तर काय! ट्यूबलाइटखाली पिवळ्याधमक दिसणाऱ्या साड्या उन्हात चक्क शेवाळी. विहिरीच्या पायरीवरचं शेवाळ बघ, तोच रंग. तू प्रत्येक साडी पायरीवर नेऊन उजेडात धरायचीस आणि मी तुला हसायचो. आता अख्खी भावकी शेवाळ नेसून नाचणार.

दुकानदार भला आहे. बदलून देतो म्हणाला, पण लवकर या म्हणाला. तेव्हा ताई, एवढंच मागणं आहे की तू एकदा येऊन या साड्या बदलून दे. हळदीला ये असं मी म्हणतच नाही. तुझ्या मनाविरुद्ध मी शब्द काढणार नाही. नुसती साड्यांपुरती ये, हवं तर संध्याकाळी परत जा. थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि तुझ्या गुडघ्यांना माझी खास विचारपूस.

तुझा,
पंढरी

ता. क. पत्र पाकिटात घालायला माधवीकडे दिलं होतं. तिनं ते आधी वाचलं. खाली तिचं अक्षर आहे, माझा इलाज चालला नाही.

ताई, माधवीचा नमस्कार. साड्या शेवाळी नाहीत. चांगल्या हळदीसारख्या पिवळ्या आहेत. तुम्ही शिकवलंत तशा मी स्वतः उन्हात धरून बघितल्या. आणि यांनी काही निवडलं नाही. दुकानदारानं पहिली साडी कुणाच्या हातून काढू असं विचारलं तसे हे पाणी पिऊन येतो म्हणून बाहेर गेले आणि बांगड्यांच्या दुकानापुढे पाठ फिरवून डोळे पुसत उभे राहिले. बांगडीवाल्याला वाटलं भाव ऐकून रडतात, त्यानं न विचारताच कमी केला. (ऋतिकाचा चुडा मग तिथंच घेतला.)

आत काय झालं ते यांना ठाऊक नव्हतं. गादीवरच्या तुमच्या मोकळ्या जागेवर हौसाकाकी जाऊन बसल्या. ताई, आजवर प्रत्येक बस्त्याला त्या दाराशीच बसल्या आहेत. त्यांनी साडी मांडीवर ओढली, गालाला लावली आणि दुकानदाराला म्हणाल्या, “ह्याच दे. न दोन जास्त काढ. एक शेवंतीला, एक मना.” मग त्या आमच्याकडे न बघताच बोलल्या, “मी कवा हलदीला मांडवान बसली न्हाय. पोरांना हलद लागायची न मी चुलीम्होरं. मना कोनी हाकललं न्हाय, पन कोनी बलावलं बी न्हाय. शेवंतीला बलवा. तिनं पिवली नेसली त मी पन नेसन, न्हायतर माजी सारी तशीच घडीत ऱ्हावदे.”

ता. क. दुसरा. पंढरीच लिहितो आहे. शेवाळाचं खोटं होतं, कारण खरं लिहिलं तर तू येणार नाहीस अशी भीती वाटली. आता सरळ लिहितो. ताई, ऋतिकाला पहिली हळद तुझ्या हातची लागली पाहिजे. माझ्या पोरीवर तुझी सावली पडली तर तिचं भलंच होईल, माझ्यावर जन्मभर पडली आहे, माझं काय वाईट झालं? कुणी कुजबुजलं तर मी बघून घेईन, मांडव माझ्या दारात आहे. आणि दाजी असते तर तुला मागच्या खोलीत बसलेली बघून ते आधी माझ्यावर आणि मग तुझ्यावर ओरडले असते.

ता. क. शेवटचा. काल ऋतिका काकीला ब्लाउजचं माप द्यायला कामतघरच्या मृणालीकडे घेऊन गेली, मी रिक्षात सोबत होतो. मृणाली माप घेत होती आणि काकी ऋतिकाच्या खांद्यामागं तोंड लपवत होती. एवढ्या वर्षांत मी तिला लाजताना पहिल्यांदा बघितलं. काकी, गळा केवढा ठेवू, असं मृणालीनं विचारलं. काकीनं खूप विचार केला आणि म्हणाली, “शेवंती येल, तिला इचारून सांगते.” कापड मृणालीकडे तसंच पडून आहे, तिनं अजून कात्री लावलेली नाही.