टोपणावरचा लावा

लिटिट्झ, पेनसिल्व्हेनिया
३ ऑगस्ट १९८६

तीर्थरूप एल्वुडकाकांस,
नॅडीनचा सा. न. वि. वि.

आम्ही सगळे ठीक. बाबांनी यंदा ऑक्टोबरात हर्शीच्या जुन्या गाड्यांच्या मेळ्यात आपली १९३०ची फोर्ड परीक्षकांपुढे उभी करायचं ठरवलंय. मुलगी दाखवायची असावी तसे नटवताहेत तिला! मागाहून बनवलेले नकली भाग सापडले की गुण कापतात म्हणे. बाबांना आता बारीक दिसत नाही. एल्वुडला विचार, त्याच्यासारखा पारखी नाही, असं म्हणाले. रेडिएटरच्या टोपणावरचा धातूचा लावा पक्षी मात्र अस्सल, त्याची खात्री आहे त्यांना. आजोबांनी बसवलेला म्हणून रोज त्याच्या पाठीवरून हात फिरवतात. बाकीचं कसं ओळखायचं ते कळवावं. काकूंना नमस्कार.

आपली,
नॅडीन


वूस्टर, ओहायो
११ ऑगस्ट

चि. नॅडीन हिस अनेक आशीर्वाद.

आधी स्क्रू बघ. सरळ एका चिरेचे हवेत. फुलीच्या खाचेचे दिसले तर ते नंतरचे. नकली पत्रा हाताला हलका लागतो. जुन्या वस्तूवरून साचा घेऊन ओतलेली नक्कल थंड होताना आकसते, केसभर लहान भरते. नक्षी बोथट येते.

लावा मोजू नकोस. तो नकली आहे आणि मीच बसवलाय. १९६२ साली तुझा बाप क्लेटन इस्पितळात होता, तेव्हा न विचारता गाडी घेऊन गेलो. टोपण नीट आवळलं नव्हतं. पुलावर उडालं ते लाव्यासकट नदीत. तो घरी यायच्या आत दुसरा आणून लावला. चोवीस वर्षं त्याला ती खोटी पाठ कुरवाळताना बघतोय. बाई गं, तूच सांग त्याला. माझ्यानं होत नाही.

तुझा,
एल्वुडकाका


लिटिट्झ
२२ ऑगस्ट

ती. काकांस सा. न.

सांगितलं. बाबा दोन दिवस गाडीकडे फिरकले नाहीत, जेवले नावापुरतं. तिसऱ्या दिवशी म्हणाले की लावा गेला तो गेला. पण एल्वुड दर नाताळात अर्ध्या तासात उठून का जायचा, ते आज कळलं. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं, आपल्याच हातून काही तरी चुकलंय. सोबत त्यांची चिठ्ठी आहे. अक्षर लागत नसेल तर काकूंकडून वाचून घ्या.

नॅडीन


एल्वुड,

आशीर्वाद देणार नाही, गाढवा. मेलो असतो तर हे कळलंही नसतं मला.

खोटा लावा काढून ठेवलाय. परीक्षकांपुढे गाडी साध्या टोपणानं जाईल. तू हर्शीला यायचंस. मैदानभर लोक जुने भाग मांडून बसतात. तू डोळ्यांनी बघ, मी तुझा हात धरून मागे येतो. तसाच जुना, खरा लावा सापडेलही. पण मेळा चार दिवसांचा आहे, पहिल्याच दिवशी सापडला तर मला सांगू नकोस.

लोभ होताच, आता येणंजाणंही असावं.

क्लेटन