सूर्यास्ताआधीचं ताट

मस्तगड, जालना
दि. २१ सप्टेंबर

चि. कनिका हिस, अनेक उत्तम आशीर्वाद.

ट्रेकच्या घोडेवाल्याने खाली आणलेल्या तुझ्या पत्राचा फोटो पोचला. खिंड, बर्फ, पायाला आलेले फोड, सगळं समजलं. एक गोष्ट मात्र पटली नाही. बाकीचे अंधार पडल्यावर जेवतात आणि तुला एकटीला दिवस मावळायच्या आत गरम ताट मिळतं? तेही कांदा-बटाट्याशिवाय, वर उकळलेलं पाणी? तू काही न सांगता गाईडने आपणहून केलं म्हणे. हिमाचलातल्या माणसाला आपल्या जैनांच्या घरातलं इतकं बराबर कसं ठाऊक?

भांडी घासायला आलेल्या गिरिजाबाईला वाचून दाखवलं. तिचं म्हणणं, पोरगी काहीतरी लपवून राह्यली, गाईड-बिईड काही न्हाई. मलाही तोच संशय आहे. जालन्याचाच कोणी मुलगा असेल तर सरळ नाव सांग. तुझा भाऊ दुकानावरून पपांशी भांडून घर सोडून गेला, त्याला आठ वर्षं झाली. मयंकचा फोन नाही, पत्ता नाही. आता तूही कोणाबरोबर निघून गेलीस तर मला सोसायचं नाही.

काळजीत असलेली,
तुझी मम्मी

खिंडीखालचा तळ
दि. २६ सप्टेंबर

ती. मम्मीस, कनिकाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र खालच्या ऑफिसने छापून वर पाठवलं. तू पोलिसात नोकरीला असायला हवी होतीस! मी कोणाबरोबर पळत नाहीये. इथे चालताना दम लागतो, पळणार कुठे?

गाईडचं विचारतेस तर सांगते. दाढीवाला आहे, सगळ्यांशी हिंदीत बोलतो. पण काल बर्फावरून मी घसरले, तेव्हा जल्दी खाली बस, असं तो चक्क मराठीत ओरडला. जेवतो माझ्याबरोबरच, दिवस असताना. शेवटी ताटात पाणी ओतून बोटाने ताट धुतो आणि ते पाणी पिऊन टाकतो. सगळे हसतात, तो हसत नाही. नाव कळवायचं नाही अशी त्याने शपथ घातली आहे, म्हणून कळवत नाही. परवा खिंड ओलांडू.

लोभ आहेच, रागही थोडा कमी कर.
तुझी कनिका

मस्तगड, जालना
दि. ३० सप्टेंबर

चि. कनिका हिस, अनेक आशीर्वाद.

शपथ मोडू नकोस. अन्नाचा कण वाया जाऊ नये म्हणून ताट धुऊन प्यायला तुझ्या भावाला मीच शिकवलं होतं, आणि तो रोज नाक मुरडायचा. घरात होता तोवर कधी सुखाने प्यायला नाही. पत्र वाचून मी खूप रडले, गिरिजाबाईही रडली.

पपांना मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांना अजून संशय आहे. कोणीही जैन मुलगा असेल, आपलाच कशावरून, असं म्हणून ते चप्पल घालून बाहेर गेले. परत आले ते लोकरीच्या मोज्यांचे दोन जोड घेऊन. एक तुझ्या मापाचा आहे. दुसरा दहा नंबरचा आहे. आपल्या घरात दहा नंबर एकाच्याच पायाला लागायचा. आजच पार्सल केलं आहे.

जपून उतरा.
तुमची दोघांची,
मम्मी