चार वाद्यांचा एक डबा

५ फेब्रुवारी

आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची नोंद असावी, मागाहून लोक विचारतात.

काम असं. दादाच्या चाली कॉम्प्युटरमध्ये घ्यायच्या. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. हॉटेलांत, लग्नांत, बालनाट्यांत जन्मभर कीबोर्ड वाजवला. स्वतःच्या चाली ढीगभर, कागदावर एकही नाही, कारण नोटेशन येत नाही. आता त्याच्या हातांच्या नसा निकामी होत चालल्या आहेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बोटं आहेत तोवर वाजवून घ्या. पुतणी लांब शिकायला आहे, व्हायोलिन वाजवते, तिला या चाली हव्यात. वाद्याला मिडीची तार जोडून घेतल्या की कॉम्प्युटर आपोआप नोटेशन लिहून देतो. हे कुणाला सुचलं? मला.

६ फेब्रुवारी

दादाकडे पाहणी. मोठा कीबोर्ड, छोटा सिंथ, पायाने वाजवायचा बेस आणि ठेक्याचं मशीन. निघणाऱ्या तारा चार, कॉम्प्युटरला शिरायला जागा एक. दुकानदार म्हणाला, तयार बॉक्स मिळतो, आत्ताच घेऊन जा. हसू आलं. आत असतं काय? चार सॉकेटं आणि एक फिरवायचं बटण. मी डिप्लोमा दुसऱ्या वर्षात सोडला, पण सोडला तो इलेक्ट्रिकलचाच. रविवारपर्यंत घरी बनवतो.

वहिनींनी विचारलं, मोठ्या कीबोर्डाची एकच तार लावली तर चालणार नाही का, हे वाजवणार तर तोच. वहिनी शाळेत इतिहास शिकवतात. त्यांना सिस्टिम म्हणजे काय ते कळणं अवघड आहे. मी रागावलो नाही.

१२ फेब्रुवारी

रविवार गेला. सॉकेटं पाच पिनांची हवी होती, सहा पिनांची आली. दुकानदाराने विचारायला हवं होतं. हिने, म्हणजे बायकोने, न विचारता मत दिलं: नाचता येईना अंगण वाकडं. लग्नाला इतकी वर्षं झाली, अजून तिला माझा अंदाज आलेला नाही.

२१ फेब्रुवारी

सॉकेटं बदलली. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याला भोकं पाडली. एक भोक तिरकं. सोल्डरिंगने अंगठा भाजला, त्यामुळे दोन दिवस काम बंद, हे नाइलाजाने.

दादाचा फोन. डाव्या हाताची करंगळी आता पट्टी दाबत नाही म्हणाला. मी म्हटलं, अजून नऊ आहेत. तो हसला नाही. सकाळी तो जरा कुरकुरतोच.

३ मार्च

डबा जोडला. काहीही जात नाही. दोन तारा उलट्या होत्या, सुलट्या केल्या. तरी नाही. आता ठरवलं आहे, डब्याला दिवा लावायचा. डेटा येतो आहे हे डोळ्यांना दिसलं पाहिजे. आधीच सुचायला हवं होतं, पण उशिरा सुचलेल्या गोष्टीच टिकाऊ असतात.

वहिनी म्हणाल्या, तोवर टेबलावर फोन ठेवून रेकॉर्ड करू का? मी शांतपणे समजावलं. फोनमध्ये नुसता आवाज येतो. मिडीच्या तारेतून आवाज जातच नाही. कोणती पट्टी दाबली, किती जोरात, किती वेळ, एवढंच जातं, आणि नोटेशन त्यावरूनच होतं. फोन म्हणजे दुधाची तहान ताकावर.

"भावोजी, ताक तरी मिळू द्या," वहिनी म्हणाल्या.

मी दिवा आणायला बाजारात गेलो.

१५ मार्च

दादाच्या हातून पाण्याचा पेला पडला. त्याने उचलायला घेतला, पुन्हा पडला. मग मी उचलला. तो म्हणाला, "अरे, नको तो डबा. एक तार लाव नि मोकळा हो. मला आत्ता येतंय वाजवायला."

मी म्हटलं, दादा, जन्मभर दुसऱ्यांच्या फुटक्या स्पीकरवर वाजवलंस, आता तुझं काम नीट होऊ दे. चार वाद्यं चार दिशांना, हे बरं दिसत नाही. तो गप्प बसला. त्याला पटलं असावं.

निघताना जिन्यात थोडं बसावं लागलं. वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू. लहानपणी यानेच मला सायकल शिकवली, हँडल धरून मागे मागे धावायचा. पण वाईट वाटून सोल्डरिंग होत नाही.

संकल्प: महिनाअखेर डबा तयार. आता सबब नाही.

२९ मार्च

झाला. दादाकडे नेऊन चारही तारा लावल्या. ठेक्याचं मशीन चालू केलं, बटण 'एक'वर ठेवलं, आणि हिरवा दिवा लुकलुकायला लागला. बाकीची भोकं वेगवेगळी तपासत बसलो नाही. तार तीच, हात तोच. शितावरून भाताची परीक्षा. डब्यावर छापील आकडे चिकटवले आहेत, कंपनीच्या मालासारखे दिसतात. दुकानदाराला दाखवायला न्यावा की काय? पुढे मागणी आली तर बघू.

२ एप्रिल

आजचा दिवस लिहून ठेवण्यासारखा.

वहिनींनी आणि मी दादाला धरून खुर्चीत बसवलं. बटण 'एक'वर, म्हणजे मोठा कीबोर्ड. वहिनींनी फोन काढला होता. मी तो बंद करून आतल्या खोलीत ठेवायला लावला. जवळ फोन असला की सिग्नलमध्ये खरखर येते. ठेक्याशिवाय दादाला वाजवायची सवय नाही, म्हणून मशीन लावलं आणि तो वाजवू लागला.

पुतणीच्या शाळेतल्या नाटकाची चाल. वहिनींसाठी केलेली. हॉटेल बंद व्हायच्या वेळी वाजवायचा ती. मधूनमधून बोटं अडखळायची, तो तोंडाने "हं" म्हणायचा आणि पुन्हा पकडायचा. दिवा एकदाही थांबला नाही. मी दिव्याकडेच बघत होतो. शेवटी त्याने एक चाल वाजवली, आम्ही कुणीच कधी न ऐकलेली. वहिनींनाही माहीत नव्हती. ती संपली तसे त्याने दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि म्हणाला, "झालं." वहिनी रडल्या. मीही रडलो.

लगेच ऐकू या असं दादा म्हणत होता. मी म्हटलं, आधी पड जरा. फाईल सेव्ह केली. चांगली मोठी फाईल आहे.

१० एप्रिल

दादाची बोटं आता पट्टीवर टेकतात, पट्टी खाली जात नाही. डॉक्टरीणबाईंनी फार काही सांगितलं नाही. वेळेत काम उरकलं याचं समाधान आहे. कुणी बोलून दाखवत नाही, पण घरात सगळ्यांना ते जाणवत असणार.

पुतणीचा मेसेज: काका, नोटेशन कधी? कळवलं की शेवटचा हात फिरवतो आहे. फाईल अजून उघडलेली नाही, कारण डब्याला रंग देत होतो.

१३ एप्रिल

फाईल उघडली.

नुसता ठेका. पहिल्यापासून शेवटपर्यंत ठेका. दुसरं काही नाही.

डबा उघडून पाहिला. सोल्डरिंग करताना डबा पालथा होता, आकडे चिकटवले ते समोरून. मागून जे डावं ते समोरून उजवं. त्यामुळे 'एक' म्हणजे चार, आणि चार म्हणजे ठेक्याचं मशीन. दिवा लुकलुकत होता तो त्याचाच. दादा वाजवत होता ते खोलीत ऐकू येत होतं, म्हणून शंका आली नाही. कुणालाही आली नसती.

डब्यात दोष नाही, हे नमूद करतो. ज्या भोकातून घ्यायला सांगितलं त्यातूनच त्याने घेतलं.

संध्याकाळी जेवलो नाही. हिने काय झालं विचारलं. पोट बिघडलंय म्हणालो.

१५ एप्रिल

दादाने बोलावलं. वहिनी शाळेत होत्या. म्हणाला, ऐकव. काय काय निघतंय ते बघू.

कॉम्प्युटर आणि रंगवलेला डबा घेऊन, कॉम्प्युटर बिघडलाय असं सांगायचं ठरवून गेलो होतो. पण त्याने डोळे मिटून मान मागे टेकवली होती, मला ते सांगवेना. फाईल लावली. ठक ठक ठक. तो बराच वेळ ऐकत राहिला. मी डब्याच्या रंगाकडे बघत होतो. एका कोपऱ्यात ओघळ आला आहे.

मग म्हणाला, "पुढे पुढे हळू होत गेलंय, कळतंय? बोटं पोचत नव्हती. मीच मशीनची लय खाली आणत होतो."

मी म्हटलं, हो, कळतंय.

आणखी थोडं ऐकून त्याने विचारलं, "आणि वर मी वाजवलं ते?"

"ते दुसऱ्या फाईलमध्ये आहे, दादा."

"बरं," तो म्हणाला. "ती पोरीला पाठव. शेवटची चाल तिची आहे म्हणावं."

मी हो म्हटलं. दुसरी फाईल नाही.